टिकटॉक (कोकण किनाऱ्यावरील प्रसार व अस्त)

टिकटॉक हे बाइटडान्स या चिनी कंपनीचे छोट्या व्हिडिओंचे अ‍ॅप. ऑगस्ट २०१८ मध्ये म्युझिकली हे अ‍ॅप त्यात विलीन झाले आणि भारतातील त्याचा पसारा झपाट्याने वाढला. स्वस्त डेटा २०१६ पासूनच लोकांच्या हाती आला होता. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डाउनलोड काही दिवस बंद होते, एवढाच खंड.

कोकणात गणपती, शिमगा आणि मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांच्या फोनमधून ते वाडीवाडीत पोचले. व्हिडिओ अंगणात काढायचा आणि चढवण्यासाठी रेंज शोधत सड्यावर (गावावरच्या कातळी माळावर) जायचे, असा अनेक ठिकाणचा क्रम होता. पंधरा सेकंदांत शिमग्याची पालखी छान बसे : ढोल, गुलाल, नाचणारे खांदे, दोन पालख्यांची भेट. जाखडी या समूहनृत्याचे तसे नव्हते. घुंगरांचे चाळ बांधलेल्या पायांचा ठेका दिसे, पण त्यातल्या दोन प्रतिस्पर्धी पक्षांचा, शक्तीवाल्यांचा सवाल आणि तुरेवाल्यांचा जवाब रंगायला रात्र लागते. दशावतार या लोकनाट्यातला नट तर संवाद रंगमंचावरच रचतो. दुसऱ्याच्या आवाजावर ओठ हलवण्याच्या या अ‍ॅपच्या मुख्य खेळाशी त्याचे जमणे कठीणच. म्हणूनच स्वतःच्या आवाजात मालवणी गजाली (गप्पागोष्टी) सांगणाऱ्या मुलामुलींचे व्हिडिओ विशेष मोलाचे होते. शहरात गेल्यावर दबून बोलली जाणारी बोली तिथे मोकळेपणाने ऐकू येई.

१५ जून २०२० रोजी गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० भारतीय जवान हुतात्मा झाले. २९ जूनला केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली टिकटॉकसह ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली. ३ जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे विजेचे खांब आडवे केले होते. त्यामुळे बंदीची बातमी आली तेव्हा तिथल्या अनेक गावांत फोन चार्ज कुठे करायचा, हाच प्रश्न होता.

जुलैत मोज, जोश आणि इन्स्टाग्राम रील्स हे छोट्या व्हिडिओंचे पर्याय आले. जमवलेले फॉलोअर मात्र सोबत नेता आले नाहीत. २०२० चा शिमगा टाळेबंदीच्या तोंडावर झाला होता आणि २०२१ मध्ये पालख्यांवर करोनाचे निर्बंध आले, त्यामुळे २०२० च्या मार्चमधल्या व्हिडिओंची किंमत गावांना नंतर कळली. केवळ अ‍ॅपवर राहिलेले भारतातून पाहता येईनासे झाले. फोनमध्ये उतरवून घेतलेले तेवढे उरले. शिमगा जवळ आला की कोपऱ्यात टिकटॉकचे चिन्ह असलेले ते तुकडे गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात.