अपस्केलिंग आणि हातातले कन्सोल: सेलपासून सुरू झालेली गोष्ट

हातात धरून खेळायच्या कन्सोलचं गणित पहिल्यापासून सेलशी, म्हणजे बॅटरीशी, बांधलेलं आहे. १९८९च्या गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ पिक्सेलचा, त्याला रंग नाही की मागून उजेड नाही. पण चार पेन्सिल सेलवर तो दहा-पंधरा तास सहज चालायचा. सेगाचा रंगीत गेम गिअर सहा सेल ३ ते ५ तासांत संपवायचा. पुढे पीएसपी या हातातल्या कन्सोलची चिप ३३३ मेगाहर्ट्झची असूनही सोनीने ती गेमसाठी २२२वरच अडवून ठेवली होती. ही मर्यादा २००७ मध्ये उठली.

पडदे वाढत गेले, बॅटरी त्या वेगाने वाढली नाही. मग सोनीच्याच २०११च्या व्हीटा कन्सोलवर ९६० बाय ५४४चा पडदा असताना कित्येक गेम कमी पिक्सेल काढून चित्र पडद्याभर ताणायचे. यालाच अपस्केलिंग म्हणतात. साध्या ताणण्यात अक्षरं पुसट होतात.

जून २०२१ मध्ये चिप बनवणाऱ्या एएमडीचं एफएसआर हे अपस्केलिंगचं तंत्र आलं. ते एकाच फ्रेममधल्या, म्हणजे पडद्यावर भराभर बदलणाऱ्या चित्रांपैकी एकातल्या, कडा ओळखून धारदार करतं, म्हणून हलकं आहे. फेब्रुवारी २०२२च्या स्टीम डेकमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीच्या हातातल्या कन्सोलमध्ये, ते थेट सिस्टिममध्येच मिळालं. त्याच वर्षी मे महिन्यात एफएसआर २ आलं. हे मागच्या फ्रेम्सही वापरतं, चित्र कितीतरी सरस देतं, पण त्यासाठी चिपला जास्त राबवतं.

खरा पेच इथे आहे. सेकंदाला ६० फ्रेम्ससाठी प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि अपस्केलरचा वेळही त्यातूनच जातो. डेकची चिप ४ ते १५ वॉटची, त्यामुळे मोठ्या ग्राफिक्स कार्डला किरकोळ वाटणारं काम तिला जड जातं. शिवाय कच्चा मालच थोडा. वेगासाठी रुंदी-उंची निम्मी करणाऱ्या परफॉर्मन्स मोडमध्ये १२८० बाय ८००च्या पडद्यासाठी ६४० बाय ४००, म्हणजे जेमतेम अडीच लाख पिक्सेल काढले जातात. फोरके टीव्हीवर त्याच मोडला वीस लाखांहून जास्त मिळतात. टीव्हीवर पाहिलेल्या तुलना डेकला लावू नयेत, त्या याच कारणाने. डेकवर पानं, तारा, केस थरथरतात, हलणाऱ्या वस्तूमागे सावटं उरतात.

व्हॉल्व्हने डेकची बॅटरी २ ते ८ तास टिकेल असं सांगितलं होतं. जड गेममध्ये २ तास धरा: विरारहून चर्चगेट गाठून परतीची गाडी निम्म्या वाटेत असतानाच ती संपणार. माझं स्पष्ट मत आहे की सात इंची पडद्यावर परफॉर्मन्स मोड लावण्यापेक्षा सावल्यांचा दर्जा उतरवून ४० फ्रेम्सवर थांबावं. चित्र कमी ताणणारा क्वालिटी मोड मात्र चालतो.

निन्टेन्डोच्या जून २०२५च्या स्विच २ मध्ये एनव्हिडियाचं डीएलएसएस हे अपस्केलिंगचं तंत्र आहे आणि त्या कामासाठी चिपमध्ये वेगळे टेन्सर कोअर आहेत. तिथला हिशेब म्हणूनच निराळा.

मुंबईच्या मनीष मार्केटमधून आणलेल्या कॅसेटींवर वाढलेल्यांसाठी एक सांगायलाच हवं. जुन्या गेमला यातलं काहीच लावू नका. गेम बॉय अॅडव्हान्सचं २४० बाय १६०चं चित्र बरोबर पाचपट केलं की १२०० बाय ८०० होतं. डेकवर ते वर-खाली पुरं भरतं, फक्त दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात, आणि एकही कड पुसट होत नाही.