पांढरा वाघ आणि अल्बिनो: दिसायला एक, आतून वेगळे

प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघाच्या पिंजऱ्यापाशी थोडा वेळ थांबलात, तर कुणी ना कुणी मुलांना सांगताना ऐकू येतंच, "हा अल्बिनो वाघ." खरं तर हा गैरसमज दूर करायला त्या वाघाचे पट्टेच पुरेसे आहेत. अल्बिनो प्राण्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य बनतच नाही, किंवा अगदी नावापुरतं बनतं. मग हे गडद पट्टे आले कुठून?

मेलॅनिन दोन प्रकारचं असतं. एक काळं-तपकिरी, दुसरं तांबूस-पिवळं. पांढऱ्या वाघात मार बसतो तो मुख्यतः दुसऱ्यावर. केशरी रंग जातो, पट्टे राहतात, फक्त जरा फिके होतात. डोळे निळसर असतात.

आता खरा अल्बिनो पाहू. १९६६ मध्ये आजच्या इक्वेटोरियल गिनीमध्ये एक पांढरंशुभ्र गोरिलाचं पिल्लू सापडलं आणि बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयात आलं. तिथे सगळे त्याला 'हिमकण' या अर्थाच्या नावाने ओळखत. केस पांढरे, कातडी गुलाबी, उजेडाचा त्रास. २००३ मध्ये तो त्वचेच्या कर्करोगाने गेला. मेलॅनिनची ढाल नसल्यावर सूर्यप्रकाश काय करू शकतो, याचं इतकं ढळढळीत उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

मला या विषयात सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. २०१३ मध्ये दोन वेगवेगळे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक पांढऱ्या वाघांवर, दुसरा या गोरिलावर. दोन्हींत दोषी ठरलं ते एकच जनुक: एसएलसी४५ए२. रंगपेशींमध्ये मेलॅनिन बनतं तिथे पदार्थांची ने-आण करणारं एक प्रथिन या जनुकावरून तयार होतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. दोन्ही प्राण्यांत त्या साखळीतला एकेकच दुवा बदललेला होता. वाघात ४७७ व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी व्हॅलिन, गोरिलात ५१८ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन.

अ‍ॅलानिन आणि व्हॅलिन स्वभावाने जवळची आहेत: दोन्ही लहानशी, विद्युतभार नसलेली, पाण्यापासून दूर राहणारी. ग्लायसिन मात्र सगळ्या अमिनो आम्लांत लहान, आणि आर्जिनिन मोठं, वर धनभारित. परिणाम केवळ आम्लांच्या आकारावर ठरत नाही, जागाही महत्त्वाची असते. तरीही एकाच प्रथिनातल्या दोन बदलांपैकी एकाने फक्त केशरी रंग घालवावा आणि दुसऱ्याने जवळपास सगळाच, हे इथे स्पष्ट दिसतं.

एका बाबतीत मात्र दोघं सारखे आहेत. पांढऱ्या वाघात तिरळेपणा बऱ्याचदा आढळतो. डोळ्यांतून मेंदूकडे जाणारे काही मज्जातंतू चुकीच्या बाजूला वळतात, हे १९७३ मध्येच दाखवलं गेलं होतं. हाच दोष अल्बिनो प्राण्यांतही असतो.

राहिला पिल्लांचा प्रश्न, आणि गोंधळ खरा इथे होतो. दोन्ही बदल अप्रभावी. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशा दोन्ही प्रती बदललेल्या असतील तरच पिल्लू पांढरं. म्हणूनच त्या गोरिलाला बावीस पिल्लं झाली, पण एकही पांढरं नव्हतं. प्रत्येकाला बापाची एक प्रत मिळाली, ती काळ्या कातडीखाली लपून राहिली.

रीवाच्या महाराजा मार्तंड सिंह यांनी १९५१ मध्ये पकडलेल्या 'मोहन' या पांढऱ्या वाघाचंही सुरुवातीला तेच झालं. बेगम नावाच्या वाघिणीपासून झालेले सगळे बछडे नेहमीच्या रंगाचे. मग मोहनची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी लावली गेली. राधाकडे बापाकडून आलेली एक प्रत होतीच, त्यामुळे दर बछड्याला पांढरं होण्याची शक्यता निम्मी. १९५८ च्या वेतात चारही बछडे पांढरे निघाले! त्यातली मोहिनी पुढे १९६० मध्ये अमेरिकेला गेली.

लोक म्हणतात, "पांढरा रंग हाच रोग." मला हे पटत नाही. तिरळेपणा रंगद्रव्याच्या कमतरतेशी जोडलेला आहे, हे खरं. पण दुभंगलेला टाळू, वाकडे पाय, अशक्त पिल्लं हे दोष नात्यात जोड्या लावल्यामुळे उघडे पडतात. बाप-मुलीच्या संबंधाने उत्परिवर्तन जन्माला येत नाही. ते आधीपासून असतं. जवळच्या नात्यात पांढऱ्या रंगाच्या दोन प्रती एकत्र येतात, तशाच इतर घातक जनुकांच्याही येतात.

आता केशरी वाघ ही प्रत बाळगून आहे का, हे त्या एका जागेची डीएनए तपासणी करून कळू शकतं. त्यामुळे पांढरा बछडा हवाच असेल, तरी भाऊ-बहिणीची किंवा बाप-मुलीची जोडी लावायला आज कुठलंही कारण उरलेलं नाही.