व्हिडिओ कॉल

दूर असलेल्या माणसांना एकमेकांचे चालतेबोलते चित्र आणि आवाज त्याच क्षणी इंटरनेटवरून पोहोचवण्याची पद्धत. ऑनलाइन चित्रपट पाहणे आणि मैत्रिणीशी समोरासमोर बोलणे, दोन्हीत व्हिडिओच असतो. पण दोहोंची गरज अगदी निराळी. चित्रपट दहा सेकंद उशिरा सुरू झाला तरी बिघडत नाही, तेवढ्या वेळात पुढचा भाग आधीच उतरवून ठेवता येतो. संभाषणात पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो, त्यामुळे साठा करायची सोय नाही. या तंत्रातली बहुतेक सगळी खटपट त्या एका अडचणीपायी आहे.

विलंब : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर बहुतेक संभाषणांना बाधा येत नाही. ४०० मिलिसेकंदांपलीकडे तो जाऊ नये. विलंब वाढला की दोघे एकदम बोलू लागतात, मग दोघेही थांबतात आणि ‘तू बोल’, ‘नाही, तू आधी’ सुरू होते. चित्र कितीही स्वच्छ असो, असे बोलणे माणसाला थकवते.

या विलंबातला काही भाग कोणालाच टाळता येत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, म्हणजे नुसत्या प्रवासातच साठाहून अधिक मिलिसेकंद गेले. वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्री केबली काही नाकासमोर जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ आणखी लागतो. पुणे ते कोल्हापूर हे अंतर मात्र प्रकाश मिलिसेकंद-दोन मिलिसेकंदांत कापतो. तरीही तो कॉल अडकतो, तेव्हा दोष अंतराचा नसतो. तो बहुधा घरातच सापडतो.

चित्र आटवणे : १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे चित्र, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम, म्हणजे एकामागून एक दाखवली जाणारी स्थिर चित्रे), असा हिशेब केला तर सेकंदाला ६६ कोटी बिट होतात. प्रत्यक्षात कॉलसाठी २० लाखांच्या आसपास पुरतात. हे जमवणाऱ्या आज्ञावलीला कोडेक म्हणतात, एच.२६४, व्हीपी८ आणि एव्ही१ हे त्यांतले परिचित. कोडेक प्रत्येक चौकट संपूर्ण पाठवत नाही, आधीच्या चौकटीपेक्षा काय बदलले तेवढेच पाठवतो. मागची भिंत एकदा गेली की पुन्हा जात नाही, हलणारे ओठ आणि मान तेवढी जाते. चित्रपटात पुढची चौकट पाहून आधीची आटोपशीर करता येते. कॉलमध्ये पुढच्या चौकटीसाठी थांबणे परवडत नाही, म्हणून तो मार्ग सोडून द्यावा लागतो.

यातून एक गोष्ट सहज समजते. पंख्याच्या वाऱ्याने मागचा पडदा फडफडत असेल, तर कोडेकचे बिट पडद्यावर खर्च होतात आणि चेहरा पुसट दिसतो. मंद प्रकाशात कॅमेऱ्याच्या चित्रात बारीक दाणे वळवळतात. कोडेकला तोही बदलच वाटतो. संध्याकाळी चेहऱ्यासमोर एक दिवा लावला तर चित्र जेवढे सुधारते, तेवढे महागडा कॅमेरा आणूनही अनेकदा सुधारत नाही.

पाकिटांचा प्रवास : आटवलेले चित्र साधारण बाराशे बाइटच्या पाकिटांत कापून पाठवतात. वेबपानांसाठी प्रामुख्याने रुळलेला टीसीपी हा नियम हरवलेले पाकीट परत मागवतो आणि ते येईपर्यंत मागची सगळी पाकिटे अडवून धरतो. पत्रासाठी हे उत्तम, बोलण्यासाठी घातक. म्हणून कॉल शक्यतो यूडीपी या १९८० सालच्या साध्या नियमावर चालतो. त्यात पाकीट गेले तर गेले, मागचे थांबत नाहीत. पाकिटांवर क्रमांक आणि वेळ घालण्याचे काम आरटीपी हा आणखी एक नियम करतो. तो १९९६ मध्ये प्रमाणित झाला. हरवलेले पाकीट वेळेत परत मिळण्यासारखे असेल तरच मागवतात, नाहीतर पूर्ण नवी चौकट मागतात. ती येईपर्यंत चेहऱ्यावर चौकोन उमटतात किंवा चित्र गोठते.

पाकिटे निघतात ठरावीक अंतराने, पोहोचतात मात्र कधी लगोलग तर कधी रेंगाळत. ही अनियमितता झाकण्यासाठी घेणाऱ्या बाजूला छोटासा साठा ठेवतात, त्याला जिटर बफर म्हणतात. तो मोठा ठेवला तर चित्र सुरळीत चालते पण विलंब वाढतो. लहान ठेवला तर बोलणे चटपटीत होते पण आवाज तुटतो. चांगली प्रणाली हा साठा कॉल चालू असताना सतत कमीजास्त करत राहते.

घरातला अडथळा : कॉल अडकू लागला की लोक १०० एमबीपीएसऐवजी (एक एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १० लाख बिट) २०० चे कनेक्शन घेतात. दोघांच्या कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात, त्यामुळे या खर्चाने अनेकदा काहीच बदलत नाही. खरा घोळ रांगेचा असतो. घरातल्या कोणी गणपतीचे दोनशे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की राउटरमध्ये बाहेर जाणाऱ्या पाकिटांची लांब रांग लागते, आणि आपल्या आवाजाचे छोटे पाकीट तिच्या शेपटाला उभे राहते. याला बफरब्लोट म्हणतात. एफक्यू-कोडेल ही रांग-पद्धत प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने पुढे सोडते. ती ज्या राउटरमध्ये असते त्यात फोटो चढत असतानाही कॉल सुरळीत राहतो. दुसरा उपाय त्याहून सोपा : लॅपटॉपला केबल जोडणे. ते शक्य नसेल तर वायफायचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरावा, कारण २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची एकच गर्दी असते.

एकमेकांना शोधणे : घरच्या राउटरमागच्या फोनला बाहेरून थेट गाठता येत नाही, कारण त्याचा पत्ता फक्त घरापुरता असतो. स्टन नावाचा सर्व्हर फोनला ‘तू बाहेरून या पत्त्यावर दिसतोस’ असे सांगतो. तेवढ्यावर दोन्ही फोन बहुधा थेट जोडले जातात. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक ठेवतात. तिथे कधीकधी थेट वाट सापडत नाही आणि टर्न या मधल्या सर्व्हरमार्फत सगळी पाकिटे फिरवावी लागतात.

इतिहास : अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात पिक्चरफोन दाखवला. १९७० मध्ये पिट्सबर्गला त्याची सेवा सुरू झाली, पण ती फार महाग होती आणि चालली नाही. कॉर्नेल विद्यापीठातून १९९२ मध्ये सीयू-सीमी ही संगणकावरच्या व्हिडिओ कॉलची आज्ञावली आली. स्काइप २००३ मध्ये सुरू झाले, त्यात व्हिडिओ नंतर आला. मे २०२५ मध्ये ते बंद झाले. गूगलने २०११ मध्ये वेबआरटीसी हे तंत्र सर्वांना वापरायला खुले केले आणि ब्राउझरमधून कॉल करणे शक्य झाले. २०२१ मध्ये ते अधिकृत मानक बनले. भारतात २०१६ हे वर्ष निर्णायक ठरले : सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला.

संगीत शिक्षण : परदेशात राहणारे अनेक मराठी विद्यार्थी इथल्या गुरूंकडून कॉलवर गाणे-वादन शिकतात. या तंत्राची कसोटी तिथेच लागते. आवाज स्वच्छ करणारी आज्ञावली एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून काढून टाकते, त्यामुळे पंखा जातो तसाच तानपुराही जातो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू केले तर तो टिकतो. विलंबावर मात्र असा उपाय नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २५० मिलिसेकंदांची असते. एका बाजूचा विलंब १२५ मिलिसेकंद धरला, तर गुरूचा ठेका विद्यार्थ्याकडे जाऊन त्याची टाळी परत येईपर्यंत बरोबर एक मात्रा उलटते. विद्यार्थ्याने अचूक समेवर दिलेली टाळी गुरूंना दुसऱ्या मात्रेवर ऐकू येते. म्हणून या शिकवणीची रीतच वेगळी पडली आहे : तानपुरा आणि लेहरा (तालाचे आवर्तन दाखवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) ज्याने त्याने आपापल्या खोलीत लावायचा, गुरूंनी एक आवर्तन गाऊन थांबायचे, मग विद्यार्थ्याने गायचे. दोघांनी एकत्र गायचा प्रयत्न करायचा नाही.