चर्चामंच, दूरशिक्षणातील

दूरशिक्षणाचे विद्यार्थी व समंत्रक (मार्गदर्शक शिक्षक) यांनी आपापल्या सवडीने लेखी प्रश्नोत्तरे करण्याची संगणकीय सोय. नोंदी टिकून राहतात आणि लिहिणारा व वाचणारा एकाच वेळी हजर असावा लागत नाही, हे तिचे व्यवच्छेदक लक्षण.

उगमाविषयी मतभेद आहेत. मरे टुरॉफ यांच्या ‘एमिसारी’ (१९७१) या प्रणालीला आद्यत्व दिले जाते. तथापि ती अमेरिकी शासनाच्या वेतन-किंमत नियंत्रणासाठी होती, अध्यापनासाठी नव्हे. डेव्हिड वूली यांनी इलिनॉय विद्यापीठात १९७३ मध्ये रचलेले ‘प्लेटो नोट्स’ शैक्षणिक संगणकांवरचे खरे. पण प्रणालीतील दोष कळवणे हा त्याचा मूळ हेतू. विद्यार्थी दूरस्थ असणे हा निकष धरल्यास, कॅलिफोर्नियातील ला होया येथे टुरॉफ यांच्याच पुढच्या प्रणालीवर १९८२ मध्ये सुरू झालेला व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम अग्रमानाचा ठरतो. हाच निकष अधिक सयुक्तिक वाटतो. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने १९८८ मध्ये हजाराहून अधिक विद्यार्थ्यांवर हे माध्यम वापरून पाहिले.

मांडणी सलग किंवा शाखायुक्त असते. शाखायुक्त मांडणीत प्रत्येक उत्तराबरोबर मूळ नोंदीचा क्रमांक साठवला जातो आणि उत्तर त्या नोंदीखाली थोडे आत सरकवून दाखवले जाते. त्यामुळे प्रश्न हरवत नाही, मात्र मोबाइलच्या अरुंद पडद्यावर उत्तरे उजवीकडे सरकत चिंचोळी होतात. ‘मूडल’ (२००२) या ऑनलाइन अध्यापनाच्या प्रणालीतील चर्चामंचाच्या प्रश्नोत्तर प्रकारात स्वतःचे उत्तर दिल्याशिवाय इतरांची दिसत नाहीत. भारतात ‘स्वयम्’ (२०१७) या शासकीय ऑनलाइन शिक्षणमंचाच्या अभ्यासक्रमांत चर्चामंच हा चार अंगांपैकी एक आहे.

खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या (स्था. १९८९) शिक्षणक्रमांचा भर छापील स्वयंअध्ययन पुस्तके व अभ्यासकेंद्रांवरील संपर्कसत्रे यांवर राहिला आहे. अनेक ठिकाणी शेतीपंपांची वीज दिवस-रात्र पाळीने येते. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला ठरावीक वेळेच्या ऑनलाइन तासापेक्षा चर्चामंच सोयीचा. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात मात्र मोबाइलच्या रेंजपासूनच अडचण आहे. भाषेचा प्रश्न वेगळा : संपर्कसत्रात ‘माले समजनं नही’ असे सरळ सांगून मोकळा होणारा अहिराणीभाषक विद्यार्थी, सर्वांना दिसणाऱ्या लेखी नोंदीसाठी पुस्तकी मराठी जुळवत बसण्याची शक्यता असते. भिली किंवा पावरी या आदिवासी भाषा बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते.