सांगाडा नसलेली कबर

सटन हू या जुन्या दफनभूमीचं नाव निघालं की भुतांची गोष्ट येतेच. इंग्लंडमधल्या सफोकच्या त्या टेकाडांवर म्हणे योद्ध्यांच्या आकृत्या दिसल्या, म्हणून जमीनमालकीण इडिथ प्रिटी यांनी खणायला लावलं! १९३९ मध्ये बेसिल ब्राउन यांना तिथे सापडल्या त्या वाळूतल्या लोखंडी खिळ्यांच्या रांगा. त्यांवरून सुमारे २७ मीटर लांबीच्या जहाजाचा आकार उलगडला. लाकूड कुजून गेलेलं, मृतदेहाचाही पत्ता नाही. आम्लधर्मी मातीत हाडातलं कॅल्शियम फॉस्फेट विरघळतं. जळलेल्या हाडाचे स्फटिक मोठे झालेले असतात, ते तग धरतात. नॉर्फकच्या नॉर्थ एल्महॅम पॅरिशमधल्या स्पाँग हिलला दोन हजारांहून अधिक दहनांचे अवशेष मिळाले ते त्यामुळेच.

पण न जाळता पुरलेल्यांचं काय? पाचव्या-सहाव्या शतकातल्या अशा साध्या अँग्लो-सॅक्सन (उत्तर युरोपातून इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या लोकांच्या) कबरींवर आज बहुधा कसलीच खूण नसते. नांगराने वर आणलेला एखादा ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायची शोभेची पिन, मेटल डिटेक्टरवाल्याला मिळतो, एवढंच. आता हा कबरीतला, की कुणाचा वाटेत पडलेला?

तो उलटा करून बघायचा. पुढची नक्षी काळ सांगते, पण खरी गंमत मागे असते. ब्रोच तांब्याच्या मिश्रधातूचा, टाचणी बहुतेकदा लोखंडी. ओल्या मातीत टाचणी गंजू लागते, लोहाचे क्षार शेजारच्या लोकरीच्या किंवा जवसाच्या धाग्यात झिरपतात आणि धाग्याभोवती गंजाचं कवच धरतं. आतला तंतू कुजला तरी त्याचा साचा राहतो. तांब्याचं काम वेगळं. त्याचे आयन जीवाणू-बुरशीला विषारी, त्यामुळे हिरव्या कळंकाला चिकटलेला तंतू पुष्कळदा स्वतःच टिकतो. सूक्ष्मदर्शकाखाली वीण साधी की ट्विल (तिरक्या रेघांची), पीळ डावा की उजवा, हे चौदा-पंधराशे वर्षांनी वाचता येतं. वाटेत हरवलेल्या ब्रोचबरोबर कापडाची घडी सहसा येत नाही. अंगावरच्या कपड्यासकट पुरलेल्या ब्रोचबरोबर येते. त्यात स्त्रिया असे ब्रोच दोन्ही खांद्यांवर जोडीने लावत. एकाच शेतात असे बरेच निघाले, तर खाली दफनभूमी असण्याची शक्यता चांगलीच वाढते.

इंग्लंडमध्ये १९९७ पासून अशा वस्तूंची नोंद करून घेणारी सरकारी मदतीची योजना आहे. तरी ‘खजिना सापडला’ या बातम्यांच्या नादात कोणी ब्रोच घरीच घासून-पुसून लख्ख करतो. नक्षी उठून दिसते, गंज मात्र धुऊन जातो आणि त्याबरोबर कापडही.