इंग्रजीतील 'ओयूजीएच' शब्द

ओ, यू, जी, एच ही चार अक्षरे याच क्रमाने सलग येतात अशा इंग्रजी शब्दांचा गट. कागदावर सारखे दिसणारे हे शब्द उच्चारात फुटतात: टफ, कॉफ, दो, थ्रू, प्लाउ, थॉट. मराठीतही 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतला 'ज' वेगवेगळा. पण तिथे प्रकरण दोन उच्चारांवर मिटते, इथे आठ-नऊ होतात. शाळेत हा इंग्रजीचा लहरीपणा म्हणून पाठ करून घेतात, ते चूक आहे. त्यामागे एका हरवलेल्या ध्वनीचा इतिहास आहे.

जुन्या इंग्रजीत घशात घासून निघणारा एक 'ख' होता. तो 'एच'ने लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांच्या हातून त्याच्या जागी 'जीएच' ही जोडी रुळली. पुढे इंग्लंडात हा ध्वनी मावळला. काही शब्दांत त्याचा 'फ' झाला, काहींत तो मागमूस न ठेवता गेला. दीर्घ स्वरही त्याच सुमारास बदलत होते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तेव्हापासून स्पेलिंग हळूहळू पक्के होत गेले आणि बोलणे पुढे निघून गेले.

या गटाची खरी श्रीमंती नेहमीच्या वापराबाहेरच्या शब्दांत आहे. 'क्लफ' म्हणजे उत्तर इंग्लंडमधली अरुंद, उभ्या काठांची घळ. 'चफ' हा लाल चोचीचा, लाल पायांचा कावळ्याच्या कुळातला पक्षी. कॉर्नवॉलच्या मानचिन्हावर तो आहे, तिथून नाहीसा झाला होता आणि २००१ साली आपणहून परतला. 'हॉक' म्हणजे जनावराच्या मागच्या पायाचा सांधा. झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याच्या सुस्काऱ्याला 'साउ' किंवा 'सफ' म्हणतात. डर्बिशरच्या शिशाच्या खाणींतले पाणी उताराने बाहेर काढणारा बोगदाही 'सफ'च, त्याच स्पेलिंगचा. 'स्लाउ' म्हणजे पाय रुतणारी दलदल, आणि तेच स्पेलिंग 'स्लफ' वाचले की सापाची कात. हे दोन्ही मुळात वेगळे शब्द. लिहिण्यात एक झाले.

'थ्रू' आणि 'थरा' यांचे उलटे आहे: एकाच जुन्या शब्दाची ही दोन रूपे. आरपार जाणे हा अर्थ एकाने ठेवला, दुसऱ्याकडे 'सखोल, काही न सोडता' हा आला. उचकीच्या 'हिकप'चे 'जीएच'वाले स्पेलिंग तर गैरसमजातून आलेले आहे. त्याचा खोकल्याच्या 'कॉफ'शी संबंध असावा असे समजून ते तसे लिहिले गेले. मूळ शब्द उचकीच्या आवाजावरून आलेला.

लेस्टरशरमधल्या लफबरा या गावाच्या नावात ही चार अक्षरे दोनदा येतात, एकदा 'अफ' आणि एकदा नुसता 'अ' होऊन. अमेरिकेत नांगराचा 'प्लाउ' डब्ल्यूवर संपवतात. शिकागो ट्रिब्यून या दैनिकाने १९३०च्या दशकापासून आखूड स्पेलिंगे चालवून पाहिली आणि १९७५ साली 'थ्रू'चे जुने रूप परत घेतले.

आयर्लंडमध्ये सरोवराला 'लॉख' म्हणतात आणि तो शब्द याच चार अक्षरांनी लिहितात. शब्द आयरिश भाषेतला, स्पेलिंग इंग्रजीचे. लॉख नेय या तिथल्या सर्वांत मोठ्या सरोवराच्या काठी घशातला तो 'ख' अजून रोजच्या बोलण्यात आहे.