पंच ईव्ही की एक्सईव्ही ९ई? अर्ध्या गुणाचा फसवा हिशोब

मावसभावाला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे. त्याने परवा भारत एनकॅपचे, म्हणजे गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचे, दोन निकाल पाठवले. दोन्ही गाड्यांना पाच तारे. प्रौढांच्या सुरक्षेत टाटा पंच ईव्हीला ३२ पैकी ३१.४६ गुण, महिंद्रा एक्सईव्ही ९ईला पैकीच्या पैकी. मुलांच्या सुरक्षेत दोघींना ४९ पैकी ४५. "फरक अर्ध्या गुणाचाच आहे ना? मग लहान, म्हणजे पंचच घेतो," असं त्याचं म्हणणं.

गुण खरे आहेत, पण ते कशाचे, हे बघायला हवं.

समोरच्या टकरीच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किमी वेगाने एका अडथळ्यावर आदळवतात, तीही एका बाजूने, म्हणजे पुढच्या रुंदीचा ४० टक्केच भाग आपटतो. अडथळ्याच्या तोंडाला मधाच्या पोळ्यासारखी ॲल्युमिनियमची जाळी असते. आत बसवलेल्या डमीच्या, म्हणजे माणसासारख्या पुतळ्याच्या, चेहऱ्याला, गुडघ्यांना वेगवेगळे रंग फासलेले असतात. टकरीनंतर डॅशबोर्डवर कुठला रंग उमटला, यावरून काय कुठे आपटलं ते कळतं.

ताशी ६४ किमी म्हणजे सेकंदाला सुमारे १७.८ मीटर. हा वेग ६० सेंटिमीटरमध्ये शून्यावर आला, तर शरीरावर सरासरी २७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या २७ पट, इतका वेग कमी होण्याचा मारा बसतो. तोच १० सेंटिमीटरमध्ये आला, तर सहापट. म्हणून बॉनेटखालचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करतात आणि माणसं बसतात तो पिंजरा कडक ठेवतात. "पूर्वीचा पत्रा कसा दणकट होता" हे कौतुक म्हणूनच चुकीचं आहे.

पण तो अडथळा जमिनीला पक्का असतो. गाडीला फक्त स्वतःची ऊर्जा जिरवायची असते. रस्त्यावर समोर दुसरी गाडी असते. समजा, दीड टनाची आणि दोन टनांची अशा दोन गाड्या ताशी ५० किमी वेगाने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या. संवेग अक्षय्यतेनुसार दोन्ही मिळून, जड गाडी ज्या दिशेने चालली होती त्याच दिशेने, ताशी ७ किमीने सरकतील. म्हणजे जड गाडीतल्यांचा वेग ४३ ने बदलला, हलकीतल्यांचा ५७ ने. झटक्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, तेव्हा हलकीतल्यांच्या वाट्याला पावणेदोन पट. हा फरक ३१.४६ आणि ३२ मध्ये कुठेच दिसत नाही. समोरच्या टकरीचे गुण साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहावेत.

झाडावर किंवा पुलाच्या कठड्यावर आदळल्यास मात्र वजनाचा हा फायदा जवळपास उरत नाही. शिवाय जड गाडीतला माणूस वाचतो तो काही अंशी समोरच्याच्या जिवावर, हे मला बोचतं. चाकाखाली लिंबू चिरडून यातलं काहीच बदलत नाही.

भाऊ गावातच गाडी चालवतो, त्याला पंच पुरे. पण त्याची तीन वर्षांची मुलगी पुढे आईच्या मांडीवर बसते. ते ४५ गुण मूल चाइल्ड सीटमध्ये बांधलेलं आहे असं धरून दिलेले आहेत. ती सीट आधी घे, असं मी त्याला कळवलंय.